फास्ट म्हणजे घट्ट

माझे बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. 'फास्ट' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला, आणि त्यात वेगाचा मागमूसही नव्हता. 'माल फास्ट आहे' म्हणजे रंग पक्का आहे. धुण्यात उतरणार नाही, उन्हात विटणार नाही, घामाने सुटणार नाही. चाळीतल्या बायका लग्नाचा बस्ता बांधायला हिंदमाताला निघाल्या की बाबांना आवर्जून बरोबर नेत. भाव करण्यात ते पडत नसत. खिशातला पांढरा रुमाल काढायचा, एक कोपरा पाण्यात बुडवून पिळायचा, बोटाला गुंडाळायचा आणि साडीचा जो भाग आत खोचला जातो त्याच्यावर दाबून घासायचा. मग रुमाल उजेडाकडे धरून बघायचा. पांढरा राहिला तर बाबा मान हलवायचे. गुलाबी झाला तर काही न बोलता साडीची घडी नीट घालून परत द्यायचे. दुकानदाराने कितीही 'काका, कलर एकदम फास्ट, गॅरंटी' म्हटलं तरी निर्णय रुमालाचाच.

पुढे कळलं की रंगाची परीक्षा सगळ्या जगात जवळपास अशीच घेतात. नमुन्याला पांढरं कापड शिवायचं, दोन्ही साबणाच्या पाण्यात ठरल्या वेळी, ठरल्या तापमानात धुवायची आणि पांढऱ्यावर किती डाग आला ते करड्या छटांच्या पट्टीशी ताडून बघायचं. त्या पट्टीवर १ ते ५ असे गुण. पाच म्हणजे पक्का, एक म्हणजे टाकाऊ. उन्हासाठी वेगळी मोजणी, निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची, १ ते ८. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, जो आज माटुंग्याला आयसीटी म्हणून उभा आहे, तेव्हा तिथे शिकवायला घेतलेल्या पहिल्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतं. गिरण्यांच्या शहराची ती गरजच होती. बाबा त्या इमारतीची पायरी कधी चढले नाहीत, पण तिथून शिकून आलेले साहेब रंगाचा घाणा कधी काढायचा हे त्यांना विचारून ठरवत, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

रंग फास्ट होतो कसा, हे त्यांनी मला समजावलं होतं ते अजून जसंच्या तसं आठवतं. काही रंग मुळात पाण्यात विरघळतच नाहीत. मग कॉस्टिक आणि हायड्रोज ही रसायनं घालून त्यांना विरघळायला भाग पाडायचं. निळीचं घ्या. त्या द्रावणातून कापड बाहेर काढलं तर ते पिवळट-हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांसमोर निळं होत जातं. धाग्याच्या आत शिरलेला रंग आतल्या आत पुन्हा न विरघळणारा होतो. आता त्याला बाहेर यायला वाट नाही. नीळ तरीही घासल्यावर थोडी उतरतेच, जुन्या जीन्सच्या गुडघ्यांवर ते दिसतं. खरे पक्के रंग त्यानंतरचे. १९०१ मध्ये जर्मनीत इंडान्थ्रीन आला, आणि १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधून असे रंग बाजारात आले जे सुताच्या धाग्याशी थेट रासायनिक बंधानेच जोडले जातात. 'आधी आत जाऊ द्यायचं, मग धरायचं,' असं बाबा म्हणत. 'वरवर लावलेलं काही टिकत नाही.'

शाळेत इंग्रजी सुरू झालं आणि बाईंनी 'फास्ट म्हणजे जलद' असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी गोंधळले. उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. इंग्रजीत या विशेषणाचा मूळ अर्थ बाबांचाच होता: घट्ट, पक्कं, हलणार नाही असं. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ 'फेस्ट' आजही तोच अर्थ सांभाळून आहे. विमानात पट्टा 'फास्टन' करा म्हणतात तो अर्थ हाच. बंदरात बोटीचा दोर धक्क्याच्या खुंटाला बांधून टाकला की बोट 'फास्ट' झाली म्हणतात. ऑफिसांत आपण 'असं काही हार्ड अँड फास्ट नाही हो' म्हणतो, तेही जहाजाच्याच भाषेतून आलं. तळ जमिनीत रुतून हलेनासं झालेलं जहाज 'हार्ड अँड फास्ट'. मग वेग कुठून आला? घट्टचं जोरात झालं, आणि जोरातचं जलद. मराठी माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. आपण 'जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ' असंही म्हणतो. जोर एकच. हाताच्या मुठीत असतो तेव्हा तो पकड होतो, पायांत उतरला की धाव होते. इंग्रजांच्या पूर्वजांनीही तेच केलं आणि मग धाव इतकी वाढली की पकड विसरली गेली.

उपवासाचा 'फास्ट' हाही त्याच मुळाचा: नियम घट्ट धरून राहणं. इथे तर मला आपली भाषा फारच जवळची वाटते. आपण सोमवार धरतो, एकादशी धरतो, सोळा सोमवार धरून शेवटी उद्यापन करतो. संध्याकाळी उपवास सोडतो. रंगही धरतो किंवा सुटतो. गाडी धरायची असते, नाहीतर ती सुटते. लाज सुटते, जीव धरून ठेवावा लागतो. मराठीत माणसाच्या जगण्यातलं निम्मं या दोन क्रियापदांवर चालतं. ज्याला काहीच नीट धरता येत नाही त्याच्यासाठी तर आपल्याकडे स्वतंत्र शब्दच आहे, धरसोड. या शब्दाकडे मी नंतर येणार आहे, कारण माझी सगळी नोकरी त्याच्याशी झगडण्यात गेली.

पण मुंबईत राहून फास्ट म्हटल्यावर लोकलबद्दल न बोलणं शक्य नाही. मी डोंबिवलीहून येते. गिरणी गेली, चाळीतली खोली गेली, आमच्यासारखी असंख्य घरं रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेली आणि कामं मात्र परळ, लालबाग, भायखळ्यालाच राहिली. रोजचा हिशोब असा की फास्टने दादर, तिथे उतरून स्लो, मग पुढचंच स्टेशन परळ. फास्ट गाडी परळला थांबत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, फास्ट लोकलला जास्त ताकदीची मोटार असेल. तसं काही नसतं. गाडी तीच. सकाळी स्लो म्हणून गेलेला रेक परतताना फास्ट होऊन निघतो. डबे तेच, मोटारी त्याच. फरक इतकाच की फास्ट गाडी नाहूरला, कांजूरमार्गला, विद्याविहारला, शीवला, माटुंग्याला थांबत नाही. तिने आपला रूळ धरलेला असतो आणि मधल्या स्टेशनांना ती नाही म्हणते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या शहराला लोक 'फास्ट लाइफ' म्हणतात, धावणारं शहर म्हणतात. पण ज्यांना मी वर्षानुवर्षं त्याच डब्यात, त्याच दाराजवळ बघते आहे, त्या बायका धावत नाहीत. त्या धरून आहेत. वरची कडी धरून, पर्स छातीशी धरून, पालिकेतली, बँकेतली, कुणाच्या तरी घरच्या पोळ्या लाटायची नोकरी धरून. मुलांच्या फीचं, सासूच्या गोळ्यांचं, घराच्या हप्त्याचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात गाडीच्या वेळापत्रकाइतकंच पक्कं असतं. वेग गाडीचा आहे. या बायकांचं काम वेगळं, आणि त्याला इंग्रजीतला जुना फास्टच नेमका लागू पडतो.

या शब्दाची एक वाईट बाजूही आहे, ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. 'मुलगी जरा फास्टच आहे.' आमच्या चाळीत हे वाक्य ओठ आवळून म्हटलं जाई. इंग्रजीतही एकोणिसाव्या शतकात चैनी, बेबंद माणसांना आणि विशेषतः स्वतःच्या मर्जीने वागणाऱ्या बायकांना फास्ट म्हणत. तो अर्थ कुठल्या वाटेने गिरणगावात पोहोचला कोण जाणे, पण पोहोचला होता. वरच्या मजल्यावरची एक ताई टायपिंग शिकली, फोर्टात एका ऑफिसात लागली, केस कापले, संध्याकाळी साडेआठला परत यायची. तेवढ्यावर ती फास्ट ठरली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कुणाच्या घरातली भांडी गेली, कुणी गावी परतलं, कुणी चौकात भाजीची टोपली मांडली. त्या ताईच्या घरी वडील आणि मोठा भाऊ दोघेही गिरणीत होते. ते घर तिच्या पगारावर उभं राहिलं. धाकट्या भावाची शाळा सुटली नाही, खोलीचं भाडं थकलं नाही. तिच्या लग्नाचं वय तिने त्यात घातलं. तरीही तिच्याबद्दल बोलताना बायका ओठ आवळतच राहिल्या. मला त्या वाक्याचा आजही राग येतो. इतकं घट्ट धरून ठेवणाऱ्या मुलीला त्यांनी लावलेला शब्द बरोबर होता, फक्त त्याचा कुठला अर्थ तिला शोभतो हे त्यांना दिसलं नाही.

मी पालिकेच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. बाबांच्या शब्दाशी माझी पुन्हा गाठ पडली ती इथे, बेडक्याच्या, म्हणजे खोकल्यातून पडणाऱ्या कफाच्या तपासणीत. रिपोर्टवर आम्ही 'एएफबी' लिहितो, ॲसिड फास्ट बॅसिलाय. टीबीचे जंतू.

स्लाइड कशी करतात ते सांगते. रुग्णाने डबीत आणलेल्या बेडक्यातला पिवळट, दाट भाग निवडायचा. त्याला लागते झाडूची काडी. महागडं काही नाही, साधी हिरांची काडी. तिने काचेवर साधारण तीन बाय दोन सेंटिमीटरचा पातळ थर पसरायचा. वाळला की ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग त्यावर कार्बोल फुक्सिन ओतायचं, गर्द किरमिजी रंग, त्याला फिनॉलचा झणझणीत वास. खालून ज्योत दाखवायची, वाफ निघेपर्यंत, पण उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग पाण्याने धुवायचं. आता सगळी काच लाल. यानंतर २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. ते पडलं की रंग उतरायला लागतो. पेशींतला, तोंडातल्या इतर जंतूंतला, काचेवरच्या घाणीतला, सगळा लाल वाहून जातो आणि काच जवळजवळ कोरी होते. शेवटी अर्धा मिनिट मेथिलीन ब्लू, धुणं, वाळवणं. मग ऑइलचा थेंब आणि शंभराची लेन्स. निळ्या पार्श्वभूमीवर, असतील तर, बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. ॲसिडनेही ज्यांचा रंग सुटला नाही, ते फास्ट.

या जंतूच्या भोवती मेणचट आवरण असतं. गरम करून रंग एकदा आत गेला की ते आवरण त्याला बाहेर जाऊ देत नाही. आधी आत जाऊ द्यायचं, मग धरायचं. पहिल्यांदा ती लाल काडी नीट ओळखता आली तेव्हा मला बाबाच आठवले. नंतर एका पुस्तकात वाचलं की हा योगायोग नाहीच. फुक्सिन हा १८५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निघालेला कापडाचा रंग. मेथिलीन ब्लू १८७६ मध्ये जर्मनीतल्या रंगांच्या कारखान्यातून आला. रॉबर्ट कॉख यांनी टीबीच्या जंतूचा शोध बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, त्याच वर्षी पॉल एर्लिख यांना हा जंतू ॲसिडपुढे रंग सोडत नाही हे दिसलं, आणि त्सील व नील्सन या दोघांनी सुधारलेली पद्धत आम्ही अजून वापरतो. म्हणजे रंगखातं आणि माझी प्रयोगशाळा या एकाच घराण्यातल्या. बाबांना हे मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी मला ॲसिडचं प्रमाण विचारलं, मग कडक आहे म्हणाले, आणि त्यात टिकतो तो जंतू जबरदस्त असणार असं म्हणून बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या खात्यातली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर असावीत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी, दमट खातं, कापसाची धूळ. चाळीत कुणाला 'शिवडीला नेलं' म्हटलं की पुढचं बोलायची गरज नसे. शिवडी म्हणजे टीबी हॉस्पिटल.

या 'फास्ट' जंतूचं एक वैशिष्ट्य असं की तो कमालीचा संथ आहे. पोटातला ई-कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. घन माध्यमावर त्याची वाढ दिसायला आठ आठवडेही जातात. त्याला घाई नसते. तो शरीरात जागा धरतो आणि थांबतो. म्हणून औषधही लांबतं. नेहमीच्या टीबीला सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आता सीबीनॅट, ट्रूनॅट अशी यंत्रं आहेत, त्यांवर काही तासांत कळतं की जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या औषधाला दाद देईल का. निदान फास्ट झालं आहे, आणि याचा मला मनापासून आनंद होतो. औषधाचे दिवस मात्र यंत्राने कमी होत नाहीत.

आणि इथे धरसोड येते. गोळ्या सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. माणसाला वाटतं, झालं, बरा झालो. कामावरची रजा संपलेली असते, गावाला जायचं असतं, लघवी नारिंगी-लाल होते म्हणून भीतीही वाटत असते. ती रिफाम्पिसिनमुळे होते, त्यात काळजीचं काही नाही, हे त्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं. गोळ्या सुटतात. शरीरातले कच्चे जंतू तोवर मेलेले असतात, उरतात ते चिवट, आणि काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा डबी घेऊन माझ्या खिडकीशी उभा राहतो. आता त्याच्यावर साधी औषधं चालतीलच याची खात्री नसते. जगातल्या टीबीच्या साधारण चार रुग्णांमागे एक भारतातला. मुंबईत तर खोल्या लहान, गाड्या भरलेल्या, आणि घेतलेला श्वास कुणा ना कुणाच्या उरातून आलेला. एकाने सोडलेल्या गोळ्या एकट्याच्या राहत नाहीत.

म्हणून मी खिडकीत जास्त बोलते. वरिष्ठांना कधी कधी ते आवडत नाही, रांग अडते म्हणतात. अडू दे. पाच मिनिटं रांग थांबली तर काही बिघडत नाही. सहा महिन्यांतली पाच मिनिटं योग्य माणसाला योग्य वेळी मिळाली तर बरंच सुधारतं. गोळी रोज कुठल्या वेळी घेणार ते मी विचारते आणि उत्तर ठरेपर्यंत सोडत नाही. चहाच्या आधी? मुलीला शाळेत सोडून आल्यावर? मालिकेच्या वेळी? 'घेईन कधीतरी' असं उत्तर आलं की मला कळतं, हा रंग कच्चा आहे. घरात कुणी आठवण करणारं आहे का विचारते. त्याला पुढच्या वेळी बरोबर आणायला सांगते. आणि बहुतेक लोक, फार बहुतेक लोक, टिकून राहतात. हमाली करणारे, धुणीभांडी करणाऱ्या, रात्री सिक्युरिटीत उभे राहणारे. सहा महिने रोज, मळमळ होत असताना, अंग मोडत असताना. त्यांच्याबद्दल कुठे काही छापून येत नाही.

गेल्या नवरात्राच्या आधी पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, काळाचौकीच्या. गोळ्यांचा दुसरा महिना. वजन अजून चाळीसच्या पुढे गेलेलं नव्हतं. म्हणाल्या, "मॅडम, नऊ दिवसांचे माझे फास्ट असतात. लग्न झाल्यापासून एकही मोडला नाही. गोळ्या उपाशीपोटी चालतील ना?"

मी त्यांना आत बोलावून बसवलं. गोळ्या उपाशीपोटी चालतातही, पण या बाईंना दिवसभर उपाशी राहणं चालणार नव्हतं, हे सरळ सांगितलं. "मावशी, तुमच्या अंगात आधीच मांस उरलेलं नाही. साबुदाणा आणि भगरीवर नऊ दिवस काढलेत तर पुढे गोळ्या सोसायच्या नाहीत. दोन्ही एका वेळी धरता येणार नाही. या वर्षी गोळ्या धरल्यात, एवढं देवीला सांगा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचं व्रत, आणि कुणा लॅबवालीने सांगावं म्हणून मोडायचं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण धरून राहण्याची ही सवयच त्यांना पुढचे चार महिने तारणार होती; ती मला मोडायची नव्हती, तिकडून इकडे वळवायची होती. मी म्हटलं, घट बसवा, माळ घाला, आरती करा, काही सोडू नका. फक्त दोन्ही वेळा ताट भरून जेवा. सरकारचे महिन्याला मिळतात ते पैसे, पूर्वी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झालेत, ते खाण्यावरच खर्च करा. निक्षय पोषण योजना त्याचसाठी आहे.

"अंडं नाही हं चालायचं नवरात्रात," त्या म्हणाल्या.

"नका खाऊ. डाळ, दूध, चणे, शेंगदाणे, पनीर, काय जमेल ते. दसऱ्यानंतर काट्यावर उभं करणार आहे मी तुम्हाला."

"घट सूनबाईकडून बसवून घेते मग," त्या उठता उठता म्हणाल्या, "आणि गोळी सकाळच्या आरतीनंतर. ती वेळ माझी कधी चुकत नाही."

मी त्यांच्या कार्डावर वेळ लिहून दिली.